इस्त्री थांबते तिथे

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात राक्षस मारतो. त्याच्या कादंबरीत सात राक्षस आहेत, एक जादूगार आहे आणि डोंगरापलीकडे अडकलेली त्याची राणी. प्रकाशकाने ती परत पाठवली: कल्पना झकास, पण फार पाल्हाळ, दुरुस्त करून पाठवा.

दुरुस्ती म्हटलं की दादाला वहिनी लागते. ती पुढच्या खोलीत बाहेरचे कपडे इस्त्री करायची आणि हा स्टुलावर बसून वाचायचा. ती बोलायची काहीच नाही. इस्त्री चालू राहिली की पान बाद, थांबली की पान पक्कं. पहिला राक्षस मेला तेव्हा तर एका गिऱ्हाइकाचा सदरा जळाला. दादा आठवडाभर हवेत होता.

मग लेकीला जुळं झालं आणि वहिनी तिच्याकडे परगावी गेली. महिन्याभरासाठी म्हणून गेली, वर्ष होत आलं.

घरात उरले मी, त्याची बिनलग्नाची बहीण. म्हटलं, "दादा, सात राक्षस कशाला? चारांत भागेल." हा दोन दिवस फुगून बसला. पुढच्या खेपेला भीतभीत "छान" म्हणाले, तर म्हणतो, "तुझं लक्षच नव्हतं." घ्या! त्याला माझं मत नकोच होतं, वहिनी हवी होती. मलाही हवी होती. तिचं इस्त्रीचं टेबल आम्ही दोघांनीही हलवलं नव्हतं.

फोनवर वहिनी सगळ्यालाच "छान आहे हो" म्हणायची. शेवटी परवा दादा म्हणाला, "अगं, फोन स्पीकरवर ठेव आणि कपडे घे इस्त्रीला. मी वाचतो."

"काहीतरीच तुमचं!" ती म्हणाली, पण थोड्या वेळाने इस्त्रीची खटखट ऐकू आली.

दादा वाचत होता, खटखट चालूच होती. तो पानांवर काट मारत सुटला. तीन राक्षस गेले. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. मग शेवट आला. जादूगार सगळ्या गावाला डोंगरापार नेतो, फक्त स्वतः राणीपर्यंत पोचत नाही. घरी येऊन रोज दोन ताटं वाढतो.

खटखट थांबली. दादाने मान वर केली. तेवढ्यात तिकडून भाची ओरडली, "आई! अगं, काहीतरी जळतंय!"

"काय जळलं?" दादाने विचारलं.

"जावयाचा सदरा," वहिनी म्हणाली. "अहो, ते दुसरं ताट उचलू नका. येते मी."