पायाखालचा पडदा

आमच्या स्टुडिओतले किस्से जपून ठेवावेत असं मी काही ठरवलं नव्हतं. नवरा हॉस्पिटलमधून दमून आला की जेवताना एखादा सांगायची, तो हसला की दुसरा. असे करत करत साठले, झालं!

स्टुडिओ म्हणजे मँचेस्टरमधल्या एका जुन्या मिलमधल्या दोन खोल्या. मालकीण सलमा, मूळची कुवेतची. वाळवंटातल्या तंबूंमध्ये बायका विणायच्या त्या नक्षीवरून ती आजच्या घरांसाठी गालिचे डिझाइन करायची. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला कीथ, आणि फोन, ईमेल, चहा बघायला मी. संपला स्टाफ!

*

एकदा एक बाई आल्या. लाल-काळे त्रिकोण, पट्टे, सगळं बघून हिरमुसल्या. "अरेबियन म्हणता आणि एकही उंट नाही?"

सलमा शांतपणे म्हणाली, "आहे ना. बाहेर पार्क केलाय!"

बाई खरंच खिडकीशी गेल्या हो!

*

सलमाकडे तिच्या आजीने विणलेली एक हातभर रुंद पट्टी होती. तिच्यावरून मोठा गालिचा करायचा होता. कीथने ती स्कॅन केली आणि बिचाऱ्याने दोन दिवस खपून आजीचे सगळे वाकडे त्रिकोण सरळ केले. वर शाबासकीच्या आशेने उभा!

सलमाने स्क्रीन बघितला. "कीथ, तू माझ्या आजीला इस्त्री केलीस!"

पुढचे दोन दिवस कीथ त्रिकोण पुन्हा वाकडे करत बसला होता.

*

मग लंडनजवळच्या इल्फर्डहून सलमाच्या आईंचा फोन आला. त्या तिथे मुलाकडे राहायच्या. बोलणं अरबीत, त्यामुळे मला फक्त चढलेला आवाज कळला. फोन ठेवून सलमा म्हणाली, "अगं, ती पट्टी तंबूतल्या पडद्याची आहे. तो टांगतात. आई म्हणते, माझ्या आईची मेहनत तू लोकांच्या बुटांखाली घालणार?"

"होतील गं शांत," मी म्हटलं. कसलं काय! रोज फोन करणाऱ्या आई महिनाभर बोलल्या नाहीत. सलमाचे विनोद बंद झाले. एकदा म्हणाली, "आईलाच नको असेल तर हे सगळं कशाला करू मी?" मला फार वाईट वाटलं.

*

आमच्या गालिच्यांच्या एक्झिबिशनला आई आल्या. मुलगा घेऊन आला. तोच गालिचा जमिनीवर अंथरलेला. आई काठाशी उभ्या, पर्स छातीशी धरून. सलमा पांढरीफटक.

मी खजुरांचा ट्रे घेऊन लगबगीने निघाले आणि पडला की माझा पाय गालिच्यावर! काही विचार न करता वाकले, गालिच्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

आईंनी सलमाला काहीतरी विचारलं. सलमाने मला विचारलं, "हे काय केलंस?"

"पाय लागला ना," मी म्हटलं. "आमच्यात अशी माफी मागतात."

तिने ते अरबीत सांगितलं. ते ऐकून आईंनी बूट काढले, गालिच्याच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसल्या आणि एक खजूर मागितला.

त्या दुपारी तिघांनी त्या गालिच्याची किंमत विचारली. सलमा डोळे पुसत प्रत्येकाला सांगत होती, "सॉरी, आई बसलीये!"