पायाळूची माय

सौंदडच्या स्टेशनावर मला निरोप द्यायला आलेल्या माणसांत आमच्या शेजारचे सुखदेवकाका सगळ्यात पुढं होते आणि त्यांच्या खांद्यावर घोंगडं होतं. थंडी तर बिलकुल नव्हती. १९९९ साल. लग्न होऊन आठवडाच झाला होता आणि मी नवऱ्यासोबत पुण्याला निघाले होते. माय पदरात तोंड खुपसून रडत होती, बाबा गाडी यायच्या दिशेला उगाच वाकवाकून पाहत होते, आणि काकांनी शांतपणे घोंगडं फलाटावर अंथरलं, टोपी काढून बाजूला ठेवली अन् चक्क पालथे पडले. "पोरी, जाता-जाता एक लात मारून जाय. आता चमक भरली तं मी काय पुण्याले येऊ का?"

माझा नवरा विलास, त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. नवी नवरी चप्पल काढते, नवीकोरी साडी घोट्यापर्यंत उचलते आणि बापाच्या वयाच्या माणसाच्या कमरेत डाव्या पायानं लाथ घालते. तो माणूस उठून कंबर इकडंतिकडं फिरवतो, खूश होतो आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवतो. गाडीत बसल्यावर विलासनं हळूच विचारलं, "हे तुमच्याकडे सगळ्यांना करावं लागतं का?"

सगळ्यांना नाही. मला. मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढं करून आलेली. अशा माणसाच्या पायात गुण असतो, त्याची लाथ बसली की भरलेली कंबर मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. रोवणीच्या दिवसांत, दिवसभर चिखलात वाकून धान लावल्यावर, संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं ओळीनं पालथी पडलेली असायची आणि मी शाळेची कॉपी, म्हणजे वही, बाजूला ठेवून एकेकाच्या पाठीवरून फिरायची. मजा होती हो! हेडमास्तरांना लाथ मारलेली आख्ख्या वर्गात मी एकटीच.

बाबांना हे पटत नसे. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन सालीच देव बाहेर काढले होते आणि बाबा पेपरातलं प्रत्येक अक्षर वाचणारे. "बंद करा हे थोतांड," म्हणत ते बांधीकडे, धानाच्या शेताकडे, निघून जायचे. मग एका वर्षी धान कापताना त्यांचीच कंबर धरली. दोन दिवस कण्हले, तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "चाल जरा पाठीवरून. अन् आयक, ही अंधश्रद्धा नाही. मालिश आहे."

सगळा गाव पालथा पडला. माय तेवढी कधी पडली नाही. तिची पाठ दुखायची नाही असं नव्हतं, जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला गेलेली बाई ती. रात्री चुलीपुढून उठताना भिंत धरून उठायची. मी म्हणायची, "माय, पड ना, लात देतो." ती म्हणायची, "मले नाही दुखत." काऊन, का पडत नाहीस, असं मी कितीदा विचारलं असेल. काहीतरी काम काढून ती उठून जायची.

पुण्यात आले आणि 'काऊन' हा शब्द पहिल्या महिन्यातच गेला. "येऊन राहिली", "कायले", "मले" हेही हळूहळू गेलं. दुकानात "तांदूळ कायले महाग केले?" असं विचारल्यावर तो माणूस हसला नाही, पण त्यानं बायकोला आतून बोलावून घेतलं, मग दोघं हसले. मी "का बरं" शिकले, "अगंबाई" शिकले, लिफ्टमध्ये समोर बघत उभं राहायला शिकले. शेजारच्या काकू कंबर धरून आल्या की मी म्हणायची, फिजिओला दाखवा. पायाळू आहे हे मी सोसायटीत कुणालाच सांगितलं नाही. गावात मागं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल ही विसरली. विसरले नव्हते. पण तिथं कुणी पालथं पडणारं नव्हतं, त्याला मी काय करू? आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना तर ठाऊकच आहे, आपल्यातलं काय बॅगेतून काढायचं आणि काय तळाशी ठेवायचं हे पहिल्या वर्षातच ठरून जातं.

तीन-चार वर्षांनी दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्या महिन्यात सौंदडला आले. गोंदियाला कुडव्याकडे जाताना एक दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. नववा लागल्यावर त्यांनी सोनोग्राफी पाहिली आणि चष्मा वर केला. "बच्चा उलटा है, बेटा. डोकं वर, बुड खाली."

मला हसू आलं. खरंच हसू आलं! म्हटलं, घ्या, आली माझी वारसदार.

बाई हसल्या नाहीत, पण घाबरवलंही नाही. बाळ बाहेरून हातानं फिरवून पाहतात कधी कधी, पण पोटात पाणी कमी होतं, म्हणून ते नको म्हणाल्या. मग दोन रस्ते उरले. त्यांनी टेबलावरची रबरी बाहुली उलटी धरली, पाय तिच्याच कानांशी दुमडले. "असं बसलंय. नॉर्मल होऊ शकतं. मी केलेली आहेत. पण बाळाचं डोकं सगळ्यात मोठं, आणि इथं ते सगळ्यात शेवटी येणार. तुझा पहिला टाइम. अंग आलं आणि डोकं अडकलं तर हातात वेळ फार थोडा असतो." आणि सिझेरियन? "त्यात बाळाचा धोका कमी. तुझा थोडा वाढतो. पोटावर टाका, सावरायला वेळ, आणि पुढच्या खेपेला तो टाका लक्षात ठेवावा लागतो. सोच के बता."

मी प्रश्नांची नुसती सरबत्ती लावली. असंच का बसलं? काही वेळा कारण सापडतं, बहुतेक वेळा नाही. मी अशी जन्मले म्हणून का? असू शकतं, घराण्यात दिसतं कधी कधी. शेवटच्या दिवशी फिरलं तर? फिरतं एखादं, म्हणून आधी पुन्हा पाहू. बाळाला आत कसं वाटत असेल? तेव्हा मात्र त्या हसल्या. "तू सवाल बहुत पूछती है. पूछ, पूछ." किती दिवसांनी मी "काऊन" म्हणत होते, ते मला घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांचं एकच. "तू तं अशीच झाली, वो! घरात झाली, मातीत झाली. काय झालं तुले? चांगली लाता मारत फिरली. कायले पोट फाडतं?" सुखदेवकाका तर जणू स्वतःच बाळंत होणार अशा काळजीत. त्यांचा मुद्दा वेगळा होता. पोट कापून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं का नाही? गुण उतरला नाही तर? बाबा म्हणाले, "तुह्या कमरेसाठी माही पोरगी बाळंत होऊन राहिली का?" दोघांचं दोन दिवस बोलणं बंद.

विलासला एसटीडीवरून फोन केला. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं आणि कुणी ठरवून दिलं असतं तर मी भांडले असते, हेही तितकंच खरं. मनातून मी नॉर्मलकडे झुकले होते. साधा हिशोब. मी आहे ना समोर, धडधाकट. आणखी काय पुरावा पाहिजे?

माय या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. एका दुपारी ती ओसरीवर लाखोळीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन तेच म्हटलं, "माय, मी झाली ना नीट? मग माझं बी होईल." तिचे हात थांबले. वर न बघता तिनं सांगायला सुरुवात केली, आणि माझी माय एका दमात इतकं बोललेली मी आधी कधी ऐकली नव्हती.

"नीट कोणं सांगतलं तुले? कंबरेपर्यंत आली तू अन् थांबली. सुईण हुशार बाई होती, तिनं मले म्हटलं, आता जोर कर. मी वाकून पाहिलं, तं तुहे पाय दिसले. हालून राहिले होते. मग हालेचनात. निळे पडले. मी पाय पाहून राहिली अन् मनात म्हणून राहिली, हिचे पाय पाहाले भेटले, तोंड पाहाले भेटते का नाही. सुईणीनं कसं काढलं, तिचं तिले माहीत. काढलं तं तू रडेच ना. पाठीवर मारलं, पाणी मारलं. मंग रडली. बाहेर लोकं म्हणत होते, पायाळू झाली, पायाळू झाली, नशीब काढलं."

मी म्हटलं, "मग कधी सांगितलं काऊन नाही?"

"कायले सांगू? लोकं तुले मान देऊन राहिले, तू खुश. माह्याच्यानं ते पाय पाठीवर घेनं होये ना, एवढंच. डोये मिटले का तेच दिसत."

मग ती पुन्हा भाजी निवडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी नाही सांगत का हेच कर, तेच कर. लेकरू तुहं. पर तू म्हणतं का मी वाचली, पाहा माह्याकडं. जे नाही वाचले ते कायच्यानं सांगतीन वो?"

मी तिथंच रडले. किती वर्षं मी त्या बाईसमोर पाय नाचवत, "पड ना, पड ना," म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सिझेरियन. त्यांनी मान डोलावली, शाबासकी वगैरे काही दिली नाही. मी दाखल झाले त्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिसरं लेकरू, तेही उलटंच, कळा घेऊनच आलेली. त्याच डॉक्टरीणबाईंच्या हाती नॉर्मल झाली आणि संध्याकाळी चहात पाव बुडवून खात होती. मी तिला टकमक पाहत राहिले. हेवा वाटला का? वाटला, खोटं कशाला बोलू. पण माझा निर्णय काही डळमळला नाही. तिची वाट दोनदा चाललेली होती आणि माझी अजून उघडायचीच होती.

मला कमरेखाली बधिर केलं, मध्ये पडदा लावला. पोटात कुणी कपाट आवरतंय असं वाटत होतं. मग बाई पडद्यामागून म्हणाल्या, "लो, यहाँ से भी उलटीच आली!" आधी बुड, मग पाय, शेवटी डोकं. आणि डोकं बाहेर येताच ती जी किंचाळली! दवाखान्याच्या बाहेर चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

घरी आल्यावर काकांचा एकच प्रश्न. "पहिले पाय का पहिले डोस्कं, एवढंच सांग." मी सांगितलं. काकांनी बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर हे थोतांड मोडायला निघालेले माझे बाबा म्हणाले, "मंग शास्त्राप्रमाणे पायाळूच धरावी लागते." आणि स्वतःच जीभ चावली.

मी पुण्याला परतले. मुलीचं नाव ओवी. ती मराठी बोलते पुण्याची, हिंदी बोलते टीव्हीची आणि 'काऊन' म्हणते फक्त मला चिडवायला. ती सहा-सात वर्षांची झाली तेव्हाच्या दिवाळीची गोष्ट. आम्ही सौंदडला गेलो. धानाची कापणी चालू, आणि परतायच्या सकाळी काका घोंगडं घेऊन हजर. आता पार म्हातारे झालेले. ओवीला सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, "जोरात मारू की हळू?" मारली. काका उठले, कंबर फिरवून पाहिली, विचार केला. "तुह्यावानी नाही. पर चालते."

सगळे हसत होते, तेवढ्यात माय कापणीवरून आली. विळा ठेवला, हातपाय धुतले, आणि काकांच्याच घोंगड्यावर पालथी पडली. "ये वो बाई. चाल माह्या पाठीवर."

ओवी तुरुतुरु चालली, वरून खाली, खालून वर. माय डोळे मिटून पडली होती. मी जवळ बसले, हळूच विचारलं, "आता कसं काय, माय?"

"हिचं रडणं मी पहिले आयकलं. पाय मंग पाहिले." मग म्हणाली, "आता तू चढ."

"मी? अगं, वजन केवढं झालंय माझं!"

"चढ म्हटलं नं."

मी चप्पल काढली. बाबांनी मला हाताला धरलं, आणि मी जपून, पावलापावलानं, तिच्या पाठीवरून चालले. खाली तिच्या बरगड्या लागत होत्या. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले आणि मला बाजूला हो म्हणाली नाही. गाडी चुकता चुकता राहिली त्या दिवशी.

आता सोसायटीत विचारतात, दर दिवाळीला एवढा प्रवास, एवढ्या गर्दीत, कशासाठी? मी सांगते, आईची पाठ दुखते. तर म्हणतात, तिकडे फिजिओ नाहीत का? आहेत ना, म्हणते मी, चांगले आहेत, आणि बॅग भरायला घेते.