पपईची जेली गोठलीच नाही!

मंडळी, आज पिंपळवंडीत, आमच्याच स्वयंपाकघरात एक कोडं सुटलं.

सासूबाईंना सांध्यांचा ऑटोइम्यून आजार आहे. गहू, दूध, साखर बंद. म्हणून नेटवर वाचून सकाळी पपईचा रस, मध आणि जिलेटिन पावडरची जेली लावली. दुपारी फ्रीज उघडला, तर नुसतं पाणी!

सासूबाईंनी विचारलं, "ही पावडर कशाची असती?"

"जनावरांच्या हाडांची."

"मग कशी गोठंल? मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईच टाकतो की, तिनं ही पावडरबी विरघळवली!"

मी थक्कच! लगेच द्राक्षाच्या रसाची केली, ती छान गोठली. पण सासूबाई हात लावेनात.

"हाडांची ना? आज सोमवार हाय."

तुमच्याकडं सोमवारी जिलेटिन चालतं का हो? लवकर सांगा, त्या तिसऱ्यांदा फ्रीज उघडून बघून आल्यात.