रंगवलेला चिखल

हॉटेलच्या दारात आम्ही विकलेली आमची जुनी रॅलीची गाडी शोभेला उभी होती. ती माझ्या भावाने, अरुणदादाने घडवली. चालवायचा तोच, शेजारी बसून वाट सांगायचे मी. पहिल्या स्पर्धेत अ‍ॅक्सल मोडला, पुढच्या वेळी इंजिन तापलं. दादा दरवेळी नवं काही बसवत गेला आणि शेवटी आम्ही जिंकलो. नंतर एकदा घाटात उलटलो, तेव्हा आतल्या लोखंडी पिंजऱ्याने वाचवलं. आता आत मखमली कोच होता आणि दारांवर तपकिरी रंगाचा चिखल. लोकांना धडपड नको असते, तिचे डाग तेवढे हवे असतात.

"बसा ना मॅडम, फोटो मस्त येतो," मॅनेजर म्हणाला.

"पिंजरा कुठाय?" दादाने विचारलं.

"कापून भंगारात दिला. अडचण व्हायची."



"चल," दादा म्हणाला, "इथलं पाणीसुद्धा नको."