मुकुंददांचा गुरुवारचा चावटपणा

फोन मुकुंददांच्या बायकोचा, हानेकेचा होता. मी सायकल हातात धरून झूटरमेर स्टेशनबाहेर उभा होतो, वारा तोंडावर होता, आणि ती डचमध्ये अगदी सरळ म्हणाली, "संभाजी, मुकुंद आज सकाळी गेला." मी काही बोलायच्या आतच पुढचं वाक्य आलं, "मंगळवारी निरोपाचा कार्यक्रम आहे. तू पाच मिनिटं बोलशील का? त्यानंच तुझं नाव सांगून ठेवलंय." इथं हॉलंडमध्ये मरणाचीही वेळ ठरवून घेतात, त्याची आता सवय झाली आहे. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर खरं तर दुःख व्हायला पाहिजे होतं. ते झालं, पण नंतर. आधी मनात आलं ते असं की, माझंच नाव का? मुकुंददांच्या ओळखीत डेल्फ्टच्या विद्यापीठातले दोन-तीन तरी मराठी प्राध्यापक होते. त्यांचे पुण्याचे शाळासोबती होते, जे उभे राहिले की दोन संस्कृत श्लोक म्हटल्याशिवाय बसत नाहीत. त्या सगळ्यांना सोडून मी? तिथंही मला काही करून दाखवायला लावायचा बेत तर नसेल...

असा संशय मला का यावा, हे सांगायचं तर आधी माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. मी खानापूर तालुक्यातला. वडील विहिरी खोदायच्या कामावर जायचे, आई सही करायला शिकली ती माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि इंजिनियर होऊन परदेशी आलेलाही मीच पहिला. हे मी मिरवतो. मिरवू नये असं ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत ते लोक सांगतात. माझे थोरले चुलते एरवी औत हाकायचे, पण जत्रेत गावची हौशी मंडळी तमाशा करायची तेव्हा गौळणीत ते मावशी व्हायचे. धोतरावरच लुगडं गुंडाळायचं, पदर खोचायचा, आणि कमरेत वाकून अशी काही चाल चालायची की पुढं बसलेली पोरं हसून गडबडा लोळायची. मथुरेच्या वाटेवर कृष्ण आडवा आला की ही मावशी त्याला अशी काही उत्तरं द्यायची, जी मी या पानावर लिहू शकत नाही. सांगलीच्या हॉस्टेलवर हे कुणाला तरी कळलं आणि चार वर्षं माझं नाव पडलं 'मावशीचा पुतण्या'. तेव्हापासून कुणी माझ्याकडे बघून हसलं की मी आधी कारण शोधतो.

मुकुंददा भेटले ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मी माइकशिवायच महाप्रसादाची सूचना दिली होती. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, हातात मोदकाची डिश असलेले हे गृहस्थ सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय आवाज आहे रे तुझा! ह्या बांधावरून त्या बांधावर जाणारा. गुरुवारी घरी ये." पुण्यातल्या प्रोफेसरांचा मुलगा, डच बायको, डेल्फ्टला कालव्याकाठी घर, आणि पहिल्याच भेटीत माझ्या आवाजात बांध दिसला! मी घरी येऊन सुनीताला म्हणालो, "मला गावंढळ म्हणाले ते. फक्त पुणेरीत." ती म्हणाली, "जेवायला बोलावलंय ना? मग जा की."

जेवण होतंच, पण त्यानंतर टीव्ही होता. मला वाटलं होतं, असा माणूस शास्त्रीय संगीत लावेल, निदान एखादा माहितीपट. मुकुंददांनी लावला जुना इंग्लिश विनोदी कार्यक्रम. पाच-पाच मिनिटांचे तुकडे. फुलाफुलांचा झगा घातलेला मिशाळ पुरुष घरमालकीण झालेला. एक पाद्री चहाला येतो आणि ज्या खुर्चीवर बसू नये तिच्यावरच बसतो. भाजीवाला गिऱ्हाइक बाईला काकड्यांविषयी काहीतरी सांगतो, अगदी साळसूद चेहऱ्यानं, आणि आत बसलेले प्रेक्षक खिंकाळतात. कुणाची तरी पँट सुटते. कुणाची तरी नेहमीच सुटते. मुकुंददा मांडीवर थापा मारत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. हे म्हणजे आमची जत्राच की! फरक एवढाच की हे लंडनहून आलेलं म्हणून दिवाणखान्यात चालत होतं, आणि आमचं मात्र तंबूतच बरं. साहेबानं लुगडं नेसलं की कला, आणि माझ्या चुलत्यांनी नेसलं की अश्लील... हे मी त्यांना तोंडावर बोललो. ते गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आमच्या घरी चावट हा शब्दसुद्धा चावट होता. तमाशाचा तंबू मी आयुष्यात फक्त बाहेरून पाहिला, तोही बसमधून." मग हसून म्हणाले, "इंग्रज माणूस आठवडाभर सॉरी सॉरी म्हणत जगतो रे. एक दिवस पँट सोडतो. नाहीतर फुटेल तो."

मी गुरुवारी जात राहिलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. एकदा सुनीताही आली होती. एका तुकड्यात तोकड्या कपड्यांतली नर्स पुढं आणि म्हातारा डॉक्टर मागं असं बराच वेळ चाललं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाई पळतीय आणि पुरुष हसतोय, ह्यात नवीन काय आहे?" मुकुंददा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा भाग रद्दी आहे. मान्य." तिथून पुढं पळणाऱ्या नर्सचे तुकडे ते गाळायचे. पण झगेवाली घरमालकीण त्यांनी कधी गाळली नाही. मलाही ती आवडायला लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. तिला कुणी पळवत नव्हतं. तीच सगळ्यांना पळवायची, आमच्या मावशीसारखी. माणसाला आपल्या शरीराची जी लाज वाटते ती ही बाई बिनदिक्कत चारचौघांत आणून ठेवायची, आणि मग ती एकट्याची राहायची नाही. माझ्या मते ह्या चावटपणाचं सगळं आकर्षण तेवढंच आहे.

पण एक गोष्ट मला टोचायची. नेमकं हसू येणार असायचं तेव्हा मुकुंददा पडद्याकडे बघतच नसायचे. माझ्याकडे बघायचे. सरळ तोंडाकडे. मी हसलो की मग ते हसायचे, आणि मी नाही हसलो तर भुवया उंचावून वाट बघायचे. मला वाटायचं, हा माणूस कार्यक्रम बघायला बसतच नाही, मला बघायला बसतो. शिकलेला गावठी कुठल्या विनोदाला हसतो आणि कुठल्या नाही, ह्याचा अभ्यास चाललाय. त्यात ते फोन कधी करायचे नाहीत. मी केला तर उचलायचेही नाहीत. नुसता मेसेज, 'गुरुवारी ये.' मी म्हणायचो, पुणेकर आहे, बोलणंसुद्धा मोजून देतो. एवढं होऊनही मी जायचो, कारण त्या घरात जेवताना मी आईचं, विहिरींचं, हॉस्टेलचं जे बोलायचो ते इथं दुसऱ्या कुठल्या घरात बोलत नव्हतो. आणि म्हणूनच मला नक्की कळायला हवं होतं. हा माणूस माझ्याबरोबर हसतो की मला हसतो? मित्र आहे की प्रेक्षक?

त्यांच्या पासष्टीला मला वाटलं, उत्तर मिळालं. डच वाढदिवस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगतो. खुर्च्या गोलात मांडतात, आलेला प्रत्येक जण उत्सवमूर्तीचंच नव्हे, तर गोलातल्या सगळ्यांचं अभिनंदन करतो, मग केकचा एक तुकडा मिळतो आणि सगळे एकदम बोलायला लागतात. त्या गलक्यात मुकुंददा उभे राहिले आणि इंग्रजीत सगळ्यांना म्हणाले, "संभाच्या घरात आमच्या झगेवालीपेक्षा भारी बाई होऊन गेलीय. संभा, मावशीची चाल करून दाखव की!" पंधरा-वीस गोरी तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या कानशिलात हॉस्टेल वाजलं. मी त्यांच्याजवळ गेलो आणि दात ओठ खाऊन, पण कुणाला कळू नये म्हणून अगदी हळू म्हणालो, "दादा, मी इथं इंजिनियर म्हणून येतो, सोंगाड्या म्हणून नाही." ते हसले. "वा वा, झकास!" म्हणाले, आणि चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्या अपमानाला टाळ्या! मी कोट घेतला आणि निघालो. पुढं कित्येक महिने गेलो नाही. मेसेज येत राहिले, 'गुरुवारी ये'. जणू काही झालंच नव्हतं. ह्या निर्लज्जपणाचं तर मला जास्तच वाटलं.

मग हानेकेचा मेसेज आला, तो आजाराचा होता. मी गेलो. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणून ठेवला होता. घरचा डॉक्टर नुकताच येऊन गेला होता. मुकुंददा निम्मे झाले होते. मी बसलो, आणि त्यांनी उशीखालून भांडी पुसायचा चौकड्याचा नॅपकिन काढला, डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि एक हात कमरेवर ठेवला. "जमलंय का रे? मावशी अशीच ना?" नव्हतं जमलं. ती मावशी दिसत नव्हती, गारठलेला पोस्टमन दिसत होता. मी म्हणालो, "हात असा नाही, दादा. तळवा बाहेर." "असा?" "नाही हो. मनगट मोडायचं. आणि नुसता हात काय कामाचा, सगळं कमरेत आहे." "मग दाखव ना, लेका. मला थोडंच उठता येतंय?" आणि मी उठलो. जे मी हॉस्टेलपासून कुणापुढं केलं नव्हतं ते केलं. पलंगापासून दारापर्यंत चुलत्यांची चाल चाललो, त्यांच्या आवाजात कृष्णाला हाक मारली, आणि जी उत्तरं इथं लिहू शकत नाही ती सगळी दिली. मुकुंददा खोकला येईपर्यंत हसले. "परत!" म्हणाले. मी परत केलं. दारात हानेके उभी होती, तीही हसत होती, एक शब्द कळत नसताना. परतीच्या गाडीत मला रडू आलं, आणि तेवढ्यातच वाटलं, शेवटी नाचवलंच की ह्यांनी मला...

मंगळवारी मी बोललो. चांगलं बोललो, बेताचं, पदवीधराला शोभेल असं. त्यानंतर त्यांच्याच इच्छेनं पडद्यावर झगेवालीचा एक तुकडा लावला. डच मंडळी हसली, पुण्याहून आलेले भाऊ बुटांकडे बघत राहिले, मग कॉफी आणि केक. माझा संशय मी तसाच कोटाच्या खिशात घालून घरी आणला.

तो फिटला, म्हणजे अर्धा फिटला, तो काही आठवड्यांनी. हानेकेनं बोलावलं म्हणून गेलो होतो. ती कॉफी ओतताना सहज म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. त्याच्या कानांच्या बाबतीत तू जे केलंस, त्याबद्दल थँक यू." मी विचारलं, कसले कान? तिनं किटली खाली ठेवली. "तुला माहीत नव्हतं?" मुकुंददांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, अगदी मोठा आवाज तेवढा पोचायचा. नोकरीतली शेवटची वर्षंही त्यांनी ओठ वाचून काढली होती. मशीन लावायला तयार नव्हते, म्हणायचे, भांड्यांच्या दुकानात डोकं घातल्यासारखं वाटतं. गाणं गेलं, नाटक गेलं, चारचौघांतल्या गप्पा गेल्या. राहिलं ते डोळ्यांनी हसता येणारं. सुटणारी पँट, झगा, वाकडी चाल, आणि खाली येणारी डच अक्षरं. "पण लोक कधी हसले ते त्याला कळायचं नाही," हानेके म्हणाली. "ते तो तुझ्या तोंडावर बघायचा. तू हसलास की त्याला विनोद ऐकू यायचा." मग ती म्हणाली, "तो नेहमी सांगायचा, संभाला पहिल्या दिवसापासून कळलंय. म्हणून तो माझ्याशी इतकं मोठ्यानं बोलतो, आणि कधी दाखवून देत नाही. फार सभ्य मुलगा आहे."

सभ्य! मी मोठ्यानं बोलतो कारण आमचं घर वस्तीवर होतं आणि आईला विहिरीवरून हाक मारायला लागायची. मी त्यांच्यावर कुठलीही मेहरबानी केलेली नाही. माझ्या ज्या गावठी आवाजाची ते टर उडवतात असं मी धरून चाललो, तोच त्यांनी माझा मोठेपणा समजला. आणि वाढदिवसाच्या गलक्यात मी आयुष्यात एकदा हळू बोललो, ते त्यांना ऐकूच गेलं नव्हतं, आणि दात ओठ खात बोललेलं ओठांवरून वाचताही आलं नव्हतं. मी मावशी करायला तयार झालो, असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघांनी एकमेकांविषयी जे ठरवलं होतं ते सगळं चूक. त्यांचं माझ्या बाजूनं चूक, माझं त्यांच्या विरोधात.

तरी माझ्यासारखा माणूस सुखासुखी निवांत होत नाही. आता वाटतं, त्यांना मी हवा होतो की ऐकू येणारा एक आवाज हवा होता? हानेकेनं मला बरं वाटावं म्हणून गोड करून तर सांगितलं नाही? ह्याचं उत्तर द्यायला ते नाहीत. मी एवढंच ठरवलंय की आवाज माझाच होता, तेव्हा त्यांना तो हवा होता म्हणजे मीच हवा होतो. हे गणित बरोबर आहे की सोयीचं, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

गेल्या गुरुवारी पुन्हा डेल्फ्टला गेलो. पलंग उचलून नेलेला, सोफा जागेवर आलेला, खिडकीबाहेर सायकली चाललेल्या. जेवताना मी नेहमीसारखाच बोलत होतो, ऑफिसचं, सुनीताच्या नव्या डबेवाटपाच्या धंद्याचं, मुलीच्या शाळेचं. हानेकेनं मध्येच माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "संभाजी, जरा हळू. मला नीट ऐकू येतं."

इतक्या वर्षांत त्या घरात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी आवाज खाली आणला. आणि मग पुढं काय सांगत होतो, ते काही केल्या आठवेना...