पट्टे काढा, उसात बसा

"म्हाताऱ्यांनो, पट्टे काढा आन् उसात जाऊन बसा."

मुकादम द्राक्षबागेच्या फाटकातून ओरडला. त्याच्या मागे तरण्या पोरींना नवेकोरे हातमोजे वाटणं चाललं होतं. आम्हाला हातमोजे नव्हते. कधीच नव्हते.

त्या दिवशी परदेशातल्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. आमची जुन्नरची द्राक्षं तिकडच्या दुकानांत जातात. बागेत बायांना नीट वागवतात का, हे ते बघणार होते. छाटणी झाली की वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, लवकर फुटावेत म्हणून काडीला औषधाची पेस्ट लावतात. ती आम्ही वर्षानुवर्षं फडक्यानं लावली. बोटांची सालं गेली, नखं काळी पडली. असले हात पाहुण्यांना दिसायला नकोत. पट्टेही नकोत. बिबट्या मान धरतो, म्हणून हल्ली आमच्याकडे बाया रानात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. कुत्र्याला बांधतात तसाच. त्याचे खिळे उन्हात लांबून चमकतात.

माझ्या शेजारची सखू म्हणाली, "आरं बाबा, उसात बिबट्या हाय की."

"तुमाला खाऊन त्याचं पोट तरी भरंल का, आजे? नुसती हाडं! खाली बसून ऱ्हावा. डोकं वर दिसलं तर उद्यापासनं कामावर येऊ नका."

पोरी हसल्या. मी पट्टा सोडून त्याच्या हातात दिला.

उसाजवळ वाकू नये, बसू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बसलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं. आणि गप्प तर राहूच नये. बोलत, खाकरत जावं. आम्ही बसलो. गप्प.

सखूला खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडात कोंबला.

टिटवी ओरडत उठली. वारा नव्हता, तरी आतल्या सरीत पाचट करकरलं. थांबलं. पुन्हा करकरलं. जवळ. सखूची पाठ त्या बाजूला होती. मान उघडी. तरी तिनं पदर काढला नाही. मरणापेक्षा तिला काम जायची भीती जास्त होती. मलाही तीच होती. ते कळलं आणि माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले. "उठा गं! समद्या उठा! वरडा!"

आम्ही ओरडलो. उसात काहीतरी जड वळलं आणि आत गेलं.

मी तडक बागेत शिरले. कंपनीच्या पुण्याच्या एक मॅडम गोऱ्या साहेबाला बाग दाखवत होत्या. त्यांनी मुकादमाला विचारलं, "या कोण?"

"शेजारच्या रानातली हाय. येडी हाय, मॅडम."

मी दोन्ही हात त्यांच्या तोंडापुढं धरले. "शेजारची न्हाई. ह्याच बागंतली. ह्याच औषधानं हात असं झाल्यात. तुमाला दिसू नये म्हून आमाला बिबट्याम्होरं बसवलं व्हतं."

मॅडम साहेबाशी इंग्रजीत बोलल्या. त्यानं हातांचा फोटो काढला. मग मुकादमानं चहा आणला. दोघं चहा प्यायले. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मला, सखूला, उसातून उठलेल्या सगळ्यांनाच फाटकातून हाकललं. आमच्या जागी आंबेगावच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवरून टेम्पोत घालून दुसऱ्या म्हाताऱ्या आणल्या. त्यांच्या हातात फडकी दिली.

मी त्या वाड्यांवर गेले. त्यांच्याशी बोलले. काही भ्याल्या, काही कबूल झाल्या.

तपासणी पुन्हा येईल. बागेकडं जायला एकच वाट आहे. त्या दिवशी आम्ही त्या वाटेत उभ्या असू. गाडीनं थांबावं, नाहीतर अंगावरून जावं. आम्ही बाजूला होणार नाही.