अल्लीपूरच्या लग्नात करवली कोण

अल्लीपूरला मे महिन्यात जाऊ नये, हे आधीच सांगून ठेवते. मी गेले, कारण कुंदाचा निरोप आला होता : विनायकचं लग्न आहे, तू येजो, मले आपलं माणूस पायजे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कुंदा माझी बी.एड.ची मैत्रीण, गावच्या शाळेत शिक्षिका. आईवडील लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला, विनायकला, तिनेच वाढवलं, स्वतःच्या पगारावर शिकवलं. विनायकच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिचा नवरा काविळीने गेला होता.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर घेतली. सिंदीला ती इतकी रेंगाळली की खाली उतरून, सुरई भरून, दोन अनोळखी माणसांचं भांडण सोडवून मी परत जागेवर बसले. वर्ध्याला स्टेशनबाहेर गरम आलुबोंडा खाल्ला, चार आण्यांत पोट भरलं. पुढे एस.टी. उन्हात तापलेला पत्रा, दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लग्नाले चालली काय वो बाई?"

"हो."

"मंग मयतीले चालल्यावानी तोंड काऊन करून राह्यली?"

उन्हामुळे, असं मी म्हणाले. कारण वेगळं होतं. लग्नात नवरदेवाच्या मागे त्याची बहीण पाण्याचा छोटा घडा, म्हणजे करा, आणि दिवा घेऊन उभी राहते, ती करवली. कुंदाला ते करू देणार नाहीत, हे मला बसमध्ये बसल्यापासून दिसत होतं.

तसंच झालं. घरात पोचले, चून-भाकर खाऊन होते न होते तोच कुंदाची थोरली चुलती पुढ्यात येऊन बसली. घरात तिचाच हुकूम चाले. सगळे तिला मोठीमाय म्हणत.

"कुंदी तं आता चालत नाई. तू तिच्या बहिणीवानी आहे, अन् सवाष्ण आहे. करा तूच घेजो."

मी तिला विचारलं, "विनायकला शिकवलं तेव्हा कुंदा चालत होती ना?"

"बोलाले हुशार आहे पोरगी," मोठीमाय म्हणाली. "पण रीत ते रीत."

नवरदेव बाजूलाच होता, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत. मी त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात कुंदाने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं.

"भांडू नको. तू भांडशील अन् जाशील. घे करा."

म्हणून घेतला. मुलगी गावातलीच, मांडव तिच्या दारात, पंगत दोन्ही घरांची मिळून, मुहूर्त गोरज. मला कॉन्व्हेंटच्या शाळेत मेणबत्ती धरायला शिकवलं होतं. पाण्याने भरलेला करा आणि वर पेटता दिवा हे प्रकरण नवं होतं. बायका हसत होत्या. कुंदा मागे भांडारघरात बुंदीच्या परातींवर लक्ष ठेवायला बसवलेली. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला होऊ लागली. कुंदा येत होती. शाळेत नेसते तीच फिकट निळी साडी, हाताला बुंदीचं तूप. माझ्यासमोर येऊन तिने दोन्ही हात पुढे केले.

"आण."

मी दिला. गुरुजी थांबले. बँडवाल्याने उगीचच एक सूर काढला आणि तोही थांबला.

"कुंदे, अपशकुन होते व माय," मोठीमाय म्हणाली. रागावून नाही, तिला खरंच भीती वाटत होती.

"झाला तं मी निस्तरीन. आजवर मीच निस्तरलं ना?"

विनायकने मान वळवली नाही. पण हळूच एक पाऊल मागे सरकला, इतका, की त्याची पाठ करा धरलेल्या हातांना लागली. गुरुजी मुलीच्या वडिलांकडे पाहत होते. ते घाम पुसत म्हणाले, "चालू द्या जी, मुहूर्त जाऊन राह्यला."

अक्षता पडल्या. नंतर सात-आठ बायका पंगतीला न बसता निघून गेल्या. मोठीमाय बसली, पण जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा घागर घेऊन हापशीवर निघाली, मीही सोबत गेले. तिथे उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने आपली बादली पदराआड घेतली. कुंदाने नंबर लावला, पाणी भरलं, आणि कालच्या स्वयंपाकाबद्दल माझ्याशी रोजच्या आवाजात बोलत परत आली. दारात पोचल्यावर घागर खाली ठेवून ती पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"आता शाळा उघडते तवा पाहू, कोण कोण पोरं पाठवते," एवढंच म्हणाली.

दुपारच्या एस.टी.ने मी निघाले. नागपूरला घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, लग्न कसं झालं? मी त्या बायकांवर, मोठीमायवर, गुरुजींवर तासभर तोंडसुख घेतलं.

कुंदा या हिवाळ्यात गेली. "विधवांना बाजूला ठेवणं, आमच्याकडे असलं काही कधी नव्हतं हो," असं परवा कुणीतरी मला सांगितलं, म्हणून हे लिहिलं. होतं, मी पाहिलंय. मला जन्मभर लोक धीट म्हणत आले. पण मी जिथे जिथे तोंड सोडलं, तिथून मला परतीची गाडी होती. कुंदाला दुसऱ्या दिवशी त्याच हापशीवर पाणी भरायचं होतं, आणि हे तिला करा हातात घेण्याआधी ठाऊक होतं.